सिबिल स्कोअर ६४८ आणि संचकार (इसार) देऊन बसलोय, घराचं लोन होईल का? (बेळगाव)

उद्यमबाग_शिफ्ट२ · ३ एप्रिल २०२५, रात्री ११:४०

मंडळी, जरा घाईचा विषय आहे. अनगोळला जुनं बैठं घर बघितलंय. तीन खोल्या, मागं आटलेली विहीर, समोर टू-व्हीलर लावायला जागा. ३० लाखाला ठरलं. पाडव्याला एक लाख संचकार दिला, कागदावर मुदत तीन महिन्यांची.

मी उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, हातात ३४ हजार येतात. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचे ११ हजार. ८ लाखांची जुळणी झालीय (पीएफ, बायकोची भिशी, आईच्या पाटल्या). २२ लाख बँकेकडून हवेत. गाडीचा ३,२०० चा हप्ता चालू आहे, बाकी काही नाही.

काल बँकेत गेलो. साहेबांनी पॅन नंबर घातला, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "सहाशे अठ्ठेचाळीस. सातशेच्या खाली आमची सिस्टम घेतच नाही." का कमी आहे विचारलं तर म्हणाले, रिपोर्ट तुमचा, तुम्ही बघा.

पतसोसायटीची दोन कर्जं मी मुदतीआधी फेडलीत. तिथली पिग्मी (रोजची बचत) आठ वर्षं चालू आहे, एक दिवस चुकवलेली नाही. मग ६४८ कसा काय? कुणाला काही सुचतंय का?

शहापूरकर · ४ एप्रिल, सकाळी ७:१५

सोसायटीतच माग की भावा. चेअरमन तुला ओळखतो, तुझ्या वडिलांना ओळखतो. तिथं कोण नंबर विचारत नाही.

उद्यमबाग_शिफ्ट२ · ४ एप्रिल, सकाळी ७:५०

२२ लाख, तेही वीस वर्षांसाठी, सोसायटी देत नाही. पाच वर्षांत फेडा म्हणतात, व्याज १४ टक्के. माझा सगळा पगार हप्त्यातच जाईल.

पासबुक_काका · ४ एप्रिल, दुपारी १२:०५

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा एखादा नियम बदलला असेल तर माहीतगारांनी दुरुस्त करावं.

पहिली गोष्ट, बाळ, तुझी पिग्मी आणि सोसायटीची कर्जं सिबिलला दिसत नाहीत. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या आपली माहिती पाठवतात. आपल्याकडच्या बहुतेक पतसोसायट्या पाठवत नाहीत. आठ वर्षांची पिग्मी सोसायटीच्या चोपडीत आहे, आणि तिथंच राहणार. उलट मोबाईल हप्त्यावर घेऊन एक हप्ता चुकवला असशील तर तो मात्र दिसतो. अन्याय आहे का? आहे. पण आधी तो समजून घे.

दुसरं, सिबिल हे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. २००५ च्या कायद्याखाली अशा चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नुसता आकडा बघू नकोस, रिपोर्ट काढ आणि ओळ न् ओळ वाच. ६४८ हा ताप आहे, रोग कुठला ते आतल्या पानावर लिहिलेलं असतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाक.

प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन दिसतील. त्यात ००० असेल तर हप्ता वेळेवर. ०३०, ०६० असेल तर तितके दिवस उशीर. 'एक्स एक्स एक्स' दिसलं की लोक घाबरतात, त्याचा अर्थ एवढाच की त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवली नाही. शेवटी चौकश्यांची यादी असते : कुणी, कधी, कशासाठी तुझा रिपोर्ट उघडला.

सातशेचा नियम त्या बँकेचा. रिझर्व्ह बँकेनं किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. तेव्हा एका दारात नाही म्हणाले म्हणून सगळी दारं बंद असं नाही, पण आत्ताच दुसऱ्या दारात जाऊ नकोस. आधी रिपोर्ट.

लोन_एक्स्प्रेस · ४ एप्रिल, दुपारी १:३०

सर सिबिल ४५ दिवसांत ७८० करून देतो. १००% गॅरंटी. फी फक्त ५,०००. इनबॉक्स करा.

निपाणीकर · ४ एप्रिल, दुपारी १:४२

आला बघा. माझ्या चुलत्यानं असल्याला पैसे दिले होते. त्यानं काय केलं? खऱ्या कर्जांवरच 'हे माझं नाही' म्हणून तक्रारी टाकल्या. बँकांनी 'त्यांचंच आहे' म्हणून परत पाठवल्या. पाच हजार गेले, नंबर तिथंच.

धागा_राखण · ४ एप्रिल, दुपारी २:००

जाहिरात करणाऱ्या सदस्याला बंद केलं आहे. पॅन, आधार, रिपोर्टचे फोटो इथं टाकू नका.

जांबोटी_लाईन · ४ एप्रिल, रात्री ९:२०

काकांचं बरोबर आहे, आधी रिपोर्ट वाचा. माझ्या रिपोर्टात ट्रॅक्टरचं कर्ज निघालं. आमच्याकडं बैलसुद्धा नाहीत.

झालं असं की आमच्या गावात माझ्या नावाचे, बापाच्याही नावाचे, आडनावाचे तिघं. आणि गुरुजींनी शाळेत सगळ्यांची जन्मतारीख १ जून घातलेली. वरून मतदान कार्डावर कानडीतून इंग्रजी करताना स्पेलिंग तिसरंच. तिघांतल्या एकाचा थकलेला ट्रॅक्टर माझ्या खात्यात येऊन उभा राहिला. तो आमच्या देवळाच्या कट्ट्यावर रोज भेटतो, त्याला विचारलं तर म्हणतो, "बरं झालं की, तू भर."

सिबिलच्या साईटवर तक्रार घातली, पॅन आणि आधार जोडलं. तीस दिवसांत दुरुस्त करायला पाहिजे, नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. माझं एकेचाळीस दिवसांनी झालं. अकराशे रुपये खात्यावर आले. खानापूरला जाऊन मटण आणलं.

उद्यमबाग_शिफ्ट२ · ६ एप्रिल, दुपारी ३:१०

रिपोर्ट काढला. रविवार वाया गेला म्हणा किंवा सत्कारणी लागला म्हणा. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली. २०१६ ते १८ मी गोव्यात वेर्ण्याला होतो. तिथं कंपनीत स्टॉल लावून एका पोराने क्रेडिट कार्ड दिलं होतं, "पहिलं वर्ष फुकट" म्हणून. मी दोनदा पेट्रोल भरलं, पैसे फेडले, कार्ड कापून टाकलं आणि बेळगावला आलो. कार्ड कापलं की खातं बंद, असं मला वाटलं. वार्षिक फी लागली ४९९ आणि जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. बिलं वेर्ण्याच्या खोलीवर गेली. तिथं आता कोण राहतं देव जाणे. ५८९ चे दंड-व्याज धरून ६,८४० झाले आणि समोर लिहिलंय 'रिटन ऑफ'. लहानपणी दुकानदाराच्या वहीत 'बुडीत' लिहायचे तसं वाटलं. मी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत हो.

दुसरी. मेहुण्याच्या टेम्पोला २०२२ मध्ये जामीन राहिलो होतो. तो टेम्पो माझ्या रिपोर्टात! जामीनदार म्हणून. जानेवारीपासून चौकोनात ०३०, ०६०, आता ०९०.

तिसरी. मार्चमध्ये बारा दिवसांत सात चौकश्या. एका एजंटानं "बघूया कुठं बसतंय" म्हणून फाईल सगळीकडं फिरवली होती. मी एकदाच सही केली असं मला वाटत होतं.

शहापूरकर · ६ एप्रिल, दुपारी ३:२५

जामीन राहिल्यावर पण येतंय? मी चौघांना जामीन आहे. झोप उडवलीस लेका.

पासबुक_काका · ६ एप्रिल, सायंकाळी ६:००

येतंय. आणि का येऊ नये? जामीन म्हणजे 'त्यानं नाही भरलं तर मी भरतो' असं लिहून देणं. आपल्याकडं जामीन म्हणजे ओळख सांगणं समजतात, लग्नात अक्षता टाकल्यासारखी सही करतात.

आता कामाला लाग.

कार्डवाल्यांना फोन केलास की ते म्हणतील, "अडीच हजारात सेटल करतो." मोह होईल. करू नकोस. तडजोडीनं मिटवलं की रिपोर्टात 'सेटल्ड' असं पडतं, आणि गृहकर्जवाला अधिकारी त्याचा अर्थ 'यानं पूर्ण दिले नाहीत' असाच घेतो. पूर्ण ६,८४० भर, पावती घे, नो ड्यूचं (काही बाकी नाही असं) पत्र घे, आणि महिन्याभरानं बाकी शून्य, खातं बंद असं दिसतंय का तपास. जुने उशिराचे चौकोन मागं राहतील. ते पुसले जात नाहीत, पण जसजसे जुने होतील तसतशी त्यांची धार कमी होते.

टेम्पोचे थकलेले हप्ते आज भरले तर रिपोर्टात यायला पूर्वीसारखा महिना-दीड महिना लागणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून माहिती दर पंधरवड्याला पाठवायची आहे.

चौकश्यांना औषध नाही. सहा महिने कुठंही अर्ज करायचा नाही.

हे सगळं कशासाठी, ते आकड्यात सांगतो. अनेक बँका स्कोअरच्या पायऱ्या पाडून व्याज ठरवतात. २२ लाख, वीस वर्षं : साडेआठ टक्क्यांनी हप्ता १९,०९२. सव्वानऊनी २०,१४९. महिन्याला हजारावर रुपये, वीस वर्षांत अडीच लाख. शिवाय तुमच्या दोघांच्या ४५ हजारांत १९ हजारांचा हप्ता आणि गाडीचे ३,२०० मिळून निम्म्याच्या आसपास जातं. बँक साधारण तिथंच थांबते. जमलं तर गाडीचं आधी मिटव.

खासबाग_माग · ६ एप्रिल, रात्री १०:१५

काका, माझाही प्रश्न विचारू का? आम्ही माग चालवतो. चार वर्षांपूर्वी दहा बायकांनी मिळून मायक्रो फायनान्सचं गटकर्ज घेतलं होतं. माझं फिटलं. मग गल्लीतल्या एका आक्कानं "तुझ्या नावावर काढून दे, हप्ते मी भरते" म्हणून ५० हजार घेतले. सहा महिने भरले, मग माहेरी गेली ती आलीच नाही. आता मुलाला घर बांधायला कर्ज पाहिजे आणि मी सहअर्जदार. वसुलीवाल्यांवर सरकारनं कायदा केलाय म्हणतात ना, मग ते कर्ज गेलं का?

पासबुक_काका · ७ एप्रिल, सकाळी ९:००

ताई, नाही गेलं. फेब्रुवारीत राज्य सरकारनं अध्यादेश काढला तो वसुलीच्या दंडेलीविरुद्ध. दारात येऊन शिवीगाळ, धमकी, भांडी उचलणं, त्याविरुद्ध तुम्ही पोलिसांत जाऊ शकता. पण रिझर्व्ह बँकेकडं नोंद असलेल्या कंपनीचं कर्ज त्यानं माफ होत नाही, आणि रिपोर्टातली ओळ तर नाहीच. सही तुमची, पॅन-आधार तुमचं, म्हणजे कर्ज तुमचं. कडू आहे, पण खोटी आशा दाखवत नाही.

एक वाट आहे. मुलाची मिळकत एकट्याची पुरत असेल तर तुम्हाला सहअर्जदार करूच नका. दोन अर्जदार असले की दोघांचे रिपोर्ट उघडतात. मात्र जागा तुमच्या नावावर असेल तर बँक तुम्हाला सोडणार नाही.

खासबाग_माग · ७ एप्रिल, दुपारी २:३०

जागा सासऱ्यांच्या नावावर आहे. बघते. त्या आक्कानं जाताना माझीच पातळं नेली होती नेसायला, ती पण आली नाहीत.

शिनोळी_पास · ८ एप्रिल, रात्री ८:४५

माझं उलटं. स्कोअर ८०४. नोकरी शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात, पगार चंदगड तालुक्यातल्या शाखेत. घर घ्यायचं कंग्राळीला. चंदगडची शाखा म्हणते मालमत्ता कर्नाटकात, बेळगावला जा. बेळगावची म्हणते पगाराचं खातं तिकडं, तिकडून पत्र आणा. शेवटी खातंच इकडं आणलं. मग कळलं की प्लॉट बाँडवरचा. शेतजमीन, एनए नाही, ई-खाता (मालमत्तेची सरकारी ऑनलाइन नोंद) निघत नाही. वकिलानं फाईल वाचून दहा मिनिटांत परत दिली. ८०४ चं काय करू, गळ्यात घालून फिरू?

निपाणीकर · ८ एप्रिल, रात्री ९:०५

बाँडचा प्लॉट म्हणजे शंभर रुपयांच्या कागदावर घेतलेला भरवसा. स्कोअर माणसाचा असतो, जमिनीचा नसतो. उतारा, ई-खाता, तीस वर्षांची ईसी (जागेवर बोजा आहे का त्याचा दाखला) हे आधी बघायचं, मग संचकार.

जांबोटी_लाईन · ८ एप्रिल, रात्री ९:३०

आणि ते सगळं कानडीत. आमच्याकडं वाचणारा एक पोस्टमन होता, तो पण रिटायर झाला.

उद्यमबाग_शिफ्ट२ · २० एप्रिल, रात्री १०:३०

मेहुण्याकडं जाऊन आलो. पिरनवाडीला राहतो. मी आठ दिवस टाळत होतो, शेवटी बायकोच म्हणाली, चला, भाऊ माझा आहे, मी बोलते.

गेलो तर वहिनींनी पोहे केले. टेम्पो दारातच उभा, पुढच्या काचेला लिंबू-मिरची, मागचं एक चाक काढून विटांवर ठेवलेलं. मी मोबाईलवर रिपोर्ट दाखवला. तो म्हणतो, "गाडी माझी, हप्ता माझा, तुझ्या नावावर कशाला येईल?" मी पान वर सरकवून माझं नाव दाखवलं. तो ०९० कडं बघत बसला. मग म्हणाला, "तीन महिने चाक बसवायला पैसे नाहीत. भाड्याला जाऊ शकलो नाही. तुला काय सांगू, तू घर घ्यायला लागलायस."

तीन हप्ते, ३३,९०० रुपये. मला राग होता तो पोह्यांबरोबर गिळला. भिशीतले बायकोनं दिले, माझ्या ८ लाखांतले. चाक त्यानं वहिनींची अंगठी सोसायटीत तारण ठेवून बसवलं. लिहून काही घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं, माहीत आहे.

कार्डाचे ६,८४० भरले. फोनवरच्या बाईंनी खरंच अडीच हजारात सेटल करा म्हणून तीनदा सांगितलं. काका, तुम्ही आठवलात.

घरमालकांना भेटलो. संचकाराची मुदत दिवाळीपर्यंत वाढवून दिली. वर २५ हजार जास्त मागितले, दिले. अनगोळात असा माणूस मिळणं नशीब.

शहापूरकर · २१ एप्रिल, सकाळी ६:५०

मी चौघांपैकी तिघांना फोन केला. दोघं वेळेवर भरतात. तिसरा म्हणाला, "विश्वास नाही का?" चौथ्याला फोन करायचं धाडस होत नाही.

कुंदा_गल्ली · २ जून, दुपारी ४:००

नवीन आहे. कधीच कर्ज घेतलं नाही, कार्ड नाही. सिबिल −१ दाखवतंय. म्हणजे माझ्यापेक्षा ६४८ वाला बरा?

पासबुक_काका · २ जून, सायंकाळी ७:१०

−१ म्हणजे नापास नव्हे, परीक्षेलाच बसला नाहीस. इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. बँक मग पगार, खात्यातली उलाढाल, आयकर विवरण बघेल. वेळ असेल तर मुदतठेवीवर एक छोटं क्रेडिट कार्ड घे. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वापरू नकोस, तारखेआधी पूर्ण भर. आणि बंद करायचं तर कात्रीनं नाही, लेखी.

उद्यमबाग_शिफ्ट२ · १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५५

उशिरा लिहितोय, माफ करा. झालं.

ऑगस्टमध्ये गाडीचं कर्ज मिटवलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रिपोर्ट काढला : ७०२. मधे कुठंही अर्ज केला नव्हता. दुसऱ्या एका बँकेत गेलो, एजंट नाही, थेट शाखेत. तिथल्या मॅडमनी कार्डाची ओळ बोटानं दाखवून विचारलं, "हे काय?" मी नो ड्यूचं पत्र आणि पूर्ण रकमेची पावती पुढं ठेवली. त्यांनी दोन्हीची झेरॉक्स फाईलला लावली. टेम्पोबद्दल विचारलं, एप्रिलपासूनचे ००० दाखवले. बायकोचा स्कोअर −१ होता, तिला सहअर्जदार म्हणून घेतलं.

२२ लाख, ८.२० टक्के, वीस वर्षं. हप्ता १८,६७६.

थांबल्यानं काय झालं त्याचा हिशेब मांडला. मी संचकार दिला तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.२५ होता, जूनपर्यंत ५.५० वर आला, तो फायदा मिळाला. तोटा असा की नोंदणी शुल्क ३१ ऑगस्टपासून १ टक्क्याचं २ टक्के झालं. ३० लाखांवर ३० हजार जास्त गेले, आणि ते बँक देत नाही, खिशातून. मालकांचे २५ हजार वेगळेच.

मॅडमना विचारलं, स्कोअर साडेसातशेच्या वर असता तर? म्हणाल्या, ७.७५. हप्ता १८,०६१ झाला असता. फरक ६१५ रुपये. वेर्ण्याच्या त्या कार्डाची फी होती ५८९. आता एकटं कार्ड नाही, टेम्पो आणि त्या चौकश्याही त्यात आहेत हे कळतंय मला, खरं डोक्यातून ते ५८९ जात नाहीत. दोन वर्षं हप्ते नीट भरा, स्कोअर वाढला की दर कमी करायचा अर्ज द्या, असं त्या म्हणाल्या. तारीख लिहून ठेवलीय.

पासबुक_काका · १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

अभिनंदन. वास्तुशांतीला बोलाव. दर कमी करायच्या अर्जाची जी तारीख लिहिलीस, तिच्या आधी महिनाभर पुन्हा रिपोर्ट काढ, टेम्पोची ओळ पहिल्यांदा बघ.

शहापूरकर · १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

अभिनंदन भावा! चौथ्याला शेवटी फोन केला. त्यानं उचलला नाही.

उद्यमबाग_शिफ्ट२ · १७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आज सामान हलवलं. मेहुण्याच्याच टेम्पोतून, दोन फेऱ्या. भाडं काही केल्या घेईना. कपाट उतरवताना मी हळूच विचारलं, या महिन्याचा भरलास का? त्यानं खिशातून मोबाईल काढून पैसे गेल्याचा मेसेज दाखवला. आधीच उघडून ठेवला होता.